लाभ

इसवी सन बत्तीसशे सात, मार्गशीर्ष.
वडगावात धुकं इतकं दाट
की टेहळणीचे काजवे भिंतीवर आपटून पडतात,
सकाळी झाडूवाली त्यांना सुपात भरते.

माझं काम सोपं.
आपण कोण हे ज्यांना आठवत नाही
त्यांना ते ठरवून द्यायचं.
शिक्का, सही, पुढचा.

भिंतीवर कायदा: एका डोक्यात एकच घर.
दुसरं घर कापून, पेटीत घालून
कोटे केऱ्याच्या तळाशी गार ठेवतात.
वर बदकं पोहतात.

काल शेवटचा आला तो उंच, भिजलेला,
डाव्या कानामागे टाक्यांची ताजी ओळ.
नाव? नाही.
गाव? त्यानं खिडकीकडे पाहिलं,
जणू ते बाहेर कठड्याला टेकून उभं असेल.
आई चिडली की कुठल्या भाषेत शिव्या द्यायची?
(हा प्रश्न नमुन्यात नाही. मीच घातलाय.
कधी, ते विचारू नका.)

तो हसला.
"मला तपासूलालाय तुम्ही,
पण टाके तुमच्याही कानामागं हाईत की."

हात नेला.
होते.
जुने, बुजलेले, सात.
रोज याच केसांतून फणी फिरवते मी.

मग तो भरभर बोलला, दाराकडे बघत:
तुमचं नाव निंगव्वा मुतगेकर.
दोन घरांची चारशे माणसं जंगलात गेली, कणकुंबीच्या वर.
त्यांची नावं तुम्ही एका इरकलाच्या टोपपदरात विणलीत,
लुगडं लपवलंत,
आणि आपल्या पायांनी जाऊन त्या खुर्चीत बसलात,
म्हणजे कुणी विचारलं तरी सापडू नये.
कुठाय ते?

ठाऊक नाही, म्हणाले. खरंच नव्हतं.

"डोक्याला नसंल. हातांना विचारा."
टेबलावर त्यानं दोन लडी ठेवल्या,
सुताची काळी, रेशमाची लाल.

हातांनी मला विचारलंच नाही.
अंगाचा फास पदराच्या फासात, कोंडी,
ना गाठ ना काप, ओढलं की धरतं.
आणि जीभ आपली मोजत सुटली:
लाभ, एरडू, तीन, नाल्कू, पाच, आरू…
दोन शेतांमधल्या बांधावरून
कुणी अंधारात सरळ चालत जावं तशी.
दर फासाला काहीतरी उजेडात येत होतं.
खानापूरची भट्टी. कौलांची थप्पी, उजवीकडून तिसरी.
तिच्यामागे

थांबले.
सातवा फास बोटावर तसाच.

खाली गाडी लागली.
"लवकर," तो म्हणाला. डोळे भरलेले.
पण भरलेले डोळे खात्यातही मिळतात, मागणीपत्रावर.

"पुढचे तुम्ही मोजा," म्हटलं, "नव्यानं. माझे हात दमले."
त्यानं धागा घेतला. नीट घेतला, चिमटीत, विणकऱ्यासारखा.
"एक," म्हणाला.

एक.

आमच्यात कुणी एकपासून सुरू करत नाही.
जोंधळा मापताना, फास घालताना,
बाळाचे दिवस धरताना,
पहिला तो लाभ.
पुढचे आकडे मराठी असोत नाहीतर कन्नड,
पहिला लाभच.
हे कुठल्या पेटीत नाही, कारण कापणाऱ्यांना
ते घर वाटलंच नाही कधी.

धागा मी खणात टाकला. कुलूप लावलं.
आणि तेवढ्यात पाहिलं
'एक' म्हणून झाल्यावर त्याची जीभ
पुन्हा मागे गेली, चाचपडली,
दात पडलेल्या जागी जाते तशी.
तिथं दुसरं काहीतरी असायचं.
किंवा तेही शिकवून पाठवलंय.
किंवा त्याचा लाभ त्यांनी
ताज्या टाक्यांतून काढून नेलाय, परवाच.

जिन्यावर बूट. बारा पायऱ्या आहेत.
समोर कोरा नमुना, त्याचा की माझा, कळत नाही.
नावाच्या रकान्यात लिहिलं: ल.

ल वरून माणसांची नावंही सुरू होतात.
पेन टेकलेलं आहे, शाई पसरतेय.
काना द्यायचा की नाही?
आठ. नऊ.