बारावं माप

देश एवढासा, की नकाशात
त्याचं नाव त्याच्या अंगावर मावत नाही.
बाजूच्या समुद्रात लिहितात आणि बारीक रेघ ओढतात:
हा, इथे, नीट बघा.

माझ्या कटिंग टेबलावर मात्र तो अख्खा आला.
मे महिन्यात, आग्रीपाड्याच्या गाळ्यात,
बारा जर्सी, बारा चड्ड्या, रंग आकाशी.
कपाडिया शेठ म्हणाले, बास्केटबॉल.
नॅशनल टीम आहे मास्टर, टाके मोजून घाला.

तीस वर्षं मी मापांवरून माणसं ओळखतो.
नंबर सहा, कंबर खोडून पुन्हा लिहिलेली:
हा बँकेत बसणारा, पोट आत ओढून माप दिलंय.
नंबर चार आणि नंबर नऊ, आडनाव एक, मुंढा एक,
भाऊ असणार, धाकट्याने थोरल्याचे जुने कपडे वापरले असणार.
नंबर सातचं कापड टेबलाबाहेर लोंबायला लागलं
तेव्हा फुलवंतीने ओव्हरलॉक थांबवून स्टूल लावलं.
म्हणाली, याच्या आईने झबली कुठे बेतली असतील,
अंगणात?

बाराव्या ओळीत नाव नव्हतं.
नंबर पंधरा. पुढे लिहिलेलं:
अजून मिळालेला नाही, उंच काहीतरी शिवा.

सगळा देश वानखेडेवर नेऊन बसवला
तरी वरच्या रांगा रिकाम्या राहतील म्हणे.
त्यातले म्हातारे वजा करा, तान्ही वजा करा,
गुडघेदुखीवाले वजा करा.
उरले त्यांत अकरा सापडले, हेच नवल.
बारावा कुठेतरी
दुकानाच्या दारातून वाकून आत जात असेल,
त्याला कुणी विचारलंच नसेल.

पण उंच काहीतरी, हे माप नाही.
हवेला मुंढा कसा पाडू?

संध्याकाळी टेप गळ्यात तशीच ठेवून
नागपाड्याला चालत गेलो.
सिमेंटच्या कोर्टात दिवसभराची धग,
रिंगला जाळी नाही, नुसते दोन दोरे.
सुफियान दळवी, वय सतरा,
आडनाव कोकणातलं, उंचीही माडाची.
राज्याच्या ट्रायलला गेला होता.
म्हणाले, पुढच्या वर्षी ये.
त्याला दोन वर्षं झाली.

म्हटलं, सरळ उभा राहा. श्वास कोंडू नकोस.
छातीला टेप लावली,
टेपखाली चेंडू अजून आपटत होता.
कुणासाठी, मास्टर?
युरोपसाठी.
पोरं खो खो हसली. तो नाही हसला.
त्याने हात आणखी वर केले.

दिवाळीच्या तोंडावर शेठच्या फोनवर फोटो आला.
अकरा जण माझ्या अंदाजातलेच.
पोटवाला आहे, पोट आत ओढूनच उभा.
भाऊ दोन टोकांना, काहीतरी बिनसलंय.
सामना एकतीस गुणांनी हरले.
पंधरा नंबर सगळ्यांच्या पुढे, बुटका,
टक्कल पडलेला, चाळिशीचा,
शेठ म्हणाले, पोस्टात नोकरीला आहे.
सुफियानची छाती त्याच्या अंगावर सैल,
सुफियानची लांबी त्याने चड्डीत खोचून खोचून
कमरेभोवती वळकटी केलेली.
आणि चेहरा असा,
की अख्खा समुद्र सरकवून कुणी त्याला जागा करून दिलीय.

लाज वाटली, तरी फोटो घेऊन कोर्टवर गेलो.
सुफियानने दोन बोटांनी मोठा केला.
बराच वेळ बघत राहिला.
शॉट कसा आहे याचा?
मला काय ठाऊक.
मग म्हणाला, मास्टर,
खांद्याला चांगली बसलीये.

फोन परत दिला, चेंडू उचलला
आणि फ्री थ्रोच्या लाइनवर गेला,
बनियनची कड
चड्डीत खोचत.