गज

पोर्ट टाउनसेंडला, बोटींच्या धक्क्यामागे,
नॉरगार्डबाई रंधा मारतात.
भुसा आधी नारिंगी,
मग घामाने तळव्यावर लाल.
आमच्याकडच्या पतंगाचा हा भाऊ, मी म्हटलं,
त्यात सूत रंगवायचे.
त्या हसल्या नाहीत.
कॉटखाली एकोणीस काठ्या उरल्यात,
प्रत्येकीवर खडूने साल.
नवी घ्यायची नाही, ठरलंय.

माझ्या गजाच्या टोकाला
नखाएवढं हस्तिदंत होतं,
विमानतळावर अडवतात ते.
त्यांनी उचकटलं, हाड बसवलं.
तुमच्या भाषेत याला काय म्हणतात?
गज.
आणि हत्तीला?
मी सांगितलं.
सरसाचं भांडं उकळत राहिलं.

विसावीही होती, बऱ्याच वेळाने म्हणाल्या,
रंध्याखाली तडकली.
तिचा भुसा त्या बरणीत आहे.
ने.
सूत रंगव.