खिशातले फ्यूज

औशाच्या नाक्यावर सकाळपासून लाईट नाही,
म्हणून आज मशीन उघडायचं ठरवलं.
प्रल्हाद म्हणाला, काका, लाईटच नाही की,
मेन कशाला बंद करलालाव?

मी बोललो नाही. खटका खाली ओढला,
दोन्ही किटकॅट उपसून सदऱ्याच्या खिशात टाकले.
गेलेली लाईट सांगून येत नाही, बाबा,
आणि येते तेव्हा विचारत नाही
आत कुणाचा हात आहे.

चार बोल्ट. एक झिजलेला,
पान्याला धरत नाही, त्याला शिव्या लागतात.
पत्रा निघाला तसा वर्षभराचा रस्ता बाहेर पडला:
काळी माती, पाचटाचा चुरा, ग्राइंडरचा कीस.
वाइंडिंगच्या कडेला कुंभारीण माशीनं
मातीची तीन घरं लिंपलेली.
प्रल्हादला ती मोडवेनात.
रिकामीच आहेत, मी म्हटलं, खरवड.
तिला वळचण आहे. इथं तांब्याला श्वास लागतो.
आणि तो कीस, राखेसारखा दिसतो ना,
वीज त्याच्यावरून मुंगीसारखी चालत जाते.

आधी सुका ब्रश. मग हवा, तीही लांबून,
टायरवाल्या सादिकच्या टाकीत उरली होती तेवढी.

केबल हातातून सरकवत बघायची,
म्हशीच्या अंगावर गोचीड शोधावी तशी.
जिथं रबर तडकलं, तिथं तुकडा तोडायचा.
टेप लावून भागतं, असं सगळेच म्हणतात,
भागतं तोवर.
ढिली लग आधी तापते, मग काळी पडते,
मग एक दिवस बोलते.

शेडमागं अर्थिंगचा खड्डा.
मीठ, कोळसा, खाली तांब्याची पट्टी.
चैत्रात ही काळी जमीन एवढी भेगाळते
की भेगेत पान्यासकट हात जातो.
टँकर आठ दिवसांनी.
मागं एकदा बादली ओतताना मालनबाईंनी पाहिलं,
मानसाला न्हाई पानी, आन् भुईला पाजलालाव?
मी म्हटलं, मावशी, भुई तहानली
की वीज तिच्यातून जात नाही,
माझ्यातून जाते.
त्या काही न बोलता आत गेल्या.
तेव्हापासून भांड्यांचं खरकटं पाणी
त्या खड्ड्यावर आणून फेकतात,
जाता जाता मशीनला दोन शब्द सुनावून.

हे सगळं चाँदपाशा उस्तादांचं.
माझं एवढंच की मी विसरलो नाही.

उस्ताद मशीनपाशी गेले नाहीत,
लातूरच्या दवाखान्यात गेले, छातीच्या दुखण्यानं.
चौथ्या दिवशी शेड उघडली.
ट्रॉलीचा हूक अर्धा राहिलेला, गिऱ्हाईक दारात उभं.
मशीनवर गोणपाट होतं. मी खटका वर केला.
काहीच नाही.
पुन्हा केला.
मग बोर्डाकडे लक्ष गेलं:
फ्यूजच्या जागी दोन मोकळ्या खाचा.
गोणपाट ओढलं तर पत्रा निघालेला,
ब्रश आत तसाच,
अर्धी वाइंडिंग स्वच्छ, अर्धी काळी.
फ्यूज त्यांच्या घरी होते.
दवाखान्यात नेताना अंगात होता त्या सदऱ्यात.
चाचीनं ते रुमालात बांधून ठेवलेले,
काय आहेत ते ठाऊक नसताना.

ती अर्धी वाइंडिंग मी पुसली.
गिऱ्हाईक ओरडत होतं, ओरडू दिलं.

चार वाजता समोरच्या सलूनचा पंखा फिरला.
प्रल्हाद उडी मारून बोर्डापाशी,
मग थबकला, वळून माझ्यापुढं हात केला.
आधी पत्रा, मी म्हटलं.
कामून काका, उशीर व्हायलाय की.
आधी पत्रा.

तो झिजलेल्या बोल्टाला शिव्या देतोय.
खिशातली चिनीमाती
माझ्या अंगाइतकीच गरम झालीय.