खोलगडाखाली, सुकतीला

अमावास्येची सुकती. पहाटे पाच चाळीसला
समुद्र खोलगडाच्या पायथ्यापासून मागे सरकतो,
कड्यावरून कोसळलेला जांभा उघडा पडतो.
माझ्या हातात छापील तक्ता:
प्रजाती, संख्या, ठिकाण, शेरा.

आपोलीन माझ्याआधीच उतरलेली.
कमरेला कापड घट्ट, पायात फाटके बूट,
मुठीत बोथट कोयती.
टक् करून कालवाचं झाकण उडवते,
मांस डब्यात, शिंपला खडकावरच.
'हितं पाय ठेव, थंय नाका.'
एवढंच बोलते,
आणि ते 'थंय' दर वेळी निसरडं निघतं.

मी लिहितो:
समुद्रफुलं, हिरवी, सत्तेचाळीस.
खेकडे, मोजता आले नाहीत.
समुद्रगरुड, एक, वाळक्या झाडावर.
शेरा: माझ्याकडे पाठ.

मग खडकांच्या बेचक्यात ती तोफ.
बुरुजावरून खाली कशी आली
याची गावात तीन उत्तरं:
एका पावसात बुरूज खचला.
पाखले जाताना त्यांनीच लोटली.
आपोलीनचा आजा रुझार
वर कैद्यांना भात वाढायचा,
तो म्हणायचा, कैद्यांनी, एका रात्री.
कुठल्या रात्री, ते दर खेपेला बदलायचं.

आता तिच्यावर कालवांचा असा थर
की लोखंड कुठे संपलं, खडक कुठे लागला, कळत नाही.
एवढी जाड कालवं आसपास दुसरीकडे नाहीत.
आपोलीन तिला वळसा घालून जाते.
देवाधर्माचं काही आहे का, मी विचारलं.
'गंजाची चव लागते.'
नंतर, डबा अर्धा भरल्यावर,
'आजानं खाऊन बघितलं होतं.'

तोफेच्या तोंडाशी शिंपल्यांचा, नांग्यांचा ढीग,
कुणीतरी रात्रभर जेवून बाहेर टाकलेला.
वाकून बॅटरी मारली.
आत एक डोळा, बाहुली आडवी,
आणि बघता बघता सगळं अंग गंजाच्या रंगाचं.
जिथून गोळा सुटायचा
तिथून एक हात आला,
बॅटरीची काच सावकाश चाचपली,
परत गेला.

अष्टपाद, एक, मी लिहिलं.
'ठिकाण'ची चौकट अर्ध्या इंचाची.
तीत 'तोफ' लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.
कार्यालयातून फोन येईल, हे काय म्हणून.
येऊ दे.

भरती गुडघ्याला लागली तशी आम्ही वाट धरली.
अर्ध्या चढावर असताना
लाट तोफेत शिरल्याचा आवाज आला.
गरुड उडाला.
आपोलीन डबा कलता करून
पाणी निथळवत होती.