आठवी पायरी

एकतीस वर्षं रात्रपाळीला प्रुफं तपासली,
म्हणून गल्लीला वाटतं, मला खरं-खोटं कळतं.
मला ऱ्हस्व-दीर्घ कळायचं.
पण ऐकतंय कोण.

पाऊस चौथ्या दिवशीही थांबेना, तशी
फोन घेऊन माणसं माझ्या कट्ट्यावर.
चौगले वहिनी म्हणाल्या, "भावजी, ऐका जरा,
राधानगरीचं धरण फुटलं म्हणं."
आवाज असा, जणू सांगणारा
स्वतःच्या हातानं दारं उघडून आलाय.
खाली लिहिलेलं : सर्वांना पाठवा.
कुणी पाहिलं, कधी पाहिलं,
तेवढं पाठवायचं राहिलेलं.

मग मोठ्या चॅनेलचं आलं.
लाल अक्षरांत कोल्हापूर बुडालेलं,
पुलाजवळचा रस्ता, छातीएवढं पाणी.
मी चष्मा पुसला.
पाण्याच्या वर एक पाटी होती : श्रीपाद सायकल मार्ट.
श्रीपादचं दुकान मागच्या महापुरात गेलं
ते परत उघडलंच नाही.
आता तिथं इंगवल्यांचं चपलांचं दुकान.
फोन लावला, तर पोरगा म्हणाला,
"पाणी कुठलं काका, दारात बसून भडंग खातोय."

"पण ती टीव्हीवाली माणसं," पिराजी म्हणाला,
जसं कुणी म्हणावं, पण ते डॉक्टर.
खरं आहे. त्यांच्याकडं गाडी आहे, कॅमेरा आहे,
आणि चुकलं तर ज्याच्या नावानं बोंब मारता येईल
असा एक पत्ता आहे.
मी हे हलकं धरत नाही.
असल्याच पत्त्यावरच्या पगारात माझं घर चाललं.

आणि हा तौफिक शिकलगार.
गॅरेजात पाने उचलतो, दहावीला दोनदा बसला.
त्याचा व्हिडिओ चौदा सेकंदांचा,
मागं गाणं नाही, नुसता पाऊस आणि त्याचा श्वास.
"तालमीमागची सातवी पायरी गेली. सव्वापाच वाजलेत.
आठवी दिसतीया."
एवढंच. खाली 'पातळि' लिहिलेलं, वेलांटी पहिली.
माझं बोट सवयीनं उठलं,
मग तसंच खाली बसलं.

परवा ह्यानंच सांगितलेलं, शिवाजी पूल बंद झाला.
झाला नव्हता. एक टेम्पो आडवा पडलेला.
तासाभरात त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत :
"माझं चुकलं. टेम्पो होता. पूल चालू हाय."

आमच्या वेळी, एका अपघाताच्या बातमीत,
जखमींतलं एक नाव मृतांच्या यादीत गेलं.
प्रूफ माझ्या हातून गेलेलं.
ऱ्हस्व-दीर्घ सगळं जागच्या जागी.
सकाळी त्या घरात रडारड,
आणि माणूस दवाखान्यात खाटेवर बसून चहा मागतोय.
खुलासा आला तिसऱ्या दिवशी, सातव्या पानावर,
राशिभविष्याच्या खाली चार ओळी.
त्याही मीच तपासल्या.
एकही चूक नव्हती.

रात्री बायको म्हणाली, "फ्रिज वर चढवायचा का?
कुणाचं ऐकायचं ते एकदाचं सांगा."
सुतारवाड्यातली माणसं निघाली म्हणे,
नाही निघाली म्हणे,
फोन दर मिनिटाला नवीन काहीतरी म्हणे.
मी बॅटरी घेतली.

तालमीमागं तौफिक होता,
डोक्यावर खताचं पोतं, हातात विटेचा तुकडा,
पायरीच्या कडेला रेघ मारत वाकलेला.
"बरं झालं आला. तुम्ही मोजा काका,
माझी एक चुकत असंल."
मोजली.
तो म्हणाला आठवी गेली, मी म्हटलं अर्धी आहे,
तो म्हणाला उजेड नीट धरा,
मी म्हटलं तू आधी पहिली पायरी कुठली धरतोस ते सांग.
आम्ही दोघं वाकून भांडत होतो,
तेवढ्यात पाण्यानं ती रेघ पुसली.

घरी फोन केला : चढवा फ्रिज.
"कुणी सांगितलं?" तिनं विचारलं.
चप्पल शोधतोय, म्हटलं. ठेव.