पंपावर

हृदय थांबवायचं तर
पोटॅशियमचं गार पाणी सोडतात आत.
ते एकदा आखडतं, थरथरतं,
मग पडून राहतं ओल्या रुमालासारखं,
आणि परळच्या या चौथ्या मजल्यावर
सगळे माझ्याकडे बघतात.

"पंपावर," मी म्हणते.

प्रचिती गमरे, वय अकरा, टिळकनगर.
दोन कप्प्यांमधल्या भिंतीला भोक, जन्मापासून.
फुप्फुसांतून शुद्ध होऊन आलेलं रक्त
त्या भोकातून परत फुप्फुसांकडेच निघायचं,
पत्ता असलेलं सामान पुन्हा गोदामात,
आणि ही जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून राहायची.
काल संध्याकाळी तिनं विचारलं,
बंद असताना माझं कोण करणार?
मी म्हटलं, मी.
ती माझ्या हातांकडे बघत राहिली.

मिनिटाला अडीच लिटर.
काळपट येतं, लाल होऊन जातं.

आये वरळीच्या कोळीवाड्यात मावरं कापायची.
रावसाचं हृदय कल्ल्यांमागे,
शेंगदाण्याएवढं,
एक कप्पा घेणारा, एक देणारा, संपलं.
तिथून कल्ल्यांत, कल्ल्यांतून परस्पर अंगभर,
मग दमून, सावकाश माघारी.
एकच फेरी. माशाला तेवढी पुरते,
त्याला अंग ऊबदार ठेवायचं नसतं.
चिंबोरी फोडली की आये म्हणायची,
हिला रगतच नाय ग.
मी बारावीपर्यंत तेच धरून बसले.
मग कळलं, असतं, निळसर असतं,
नळ्यांत बांधलेलं नसतं,
आतल्या आत मोकळं हिंडतं,
सगळे अवयव त्यात बुडून
आपापलं उचलून घेतात.

आणि काळीज.
अब्बासभाईकडे काळीज मागितलं
की तो यकृत तोलून देतो.
काळजाचा ठोका चुकला म्हणतो आपण
आणि ठोका त्या पत्त्यावर कधी नव्हताच.

सव्वादहा. बत्तीस अंश. डॉक्टर ठिगळ शिवताहेत.
मी नळ्यांवर नजर ठेवून आहे
आणि जे नळ्यांतून दिसत नाही त्यावरही:
तांबड्या पेशी, मधोमध दाबलेल्या,
ज्यांनी सामानाला जागा हवी म्हणून
स्वतःचं केंद्रकसुद्धा टाकून दिलंय.
चारेक महिने जगतात.
केशवाहिनीत एकेक करून शिरतात,
वाट अंगापेक्षा अरुंद,
दुमडतात, निघतात,
जाता जाता ऑक्सिजन ठेवतात.
भोवतालच्या पिवळट पाण्यातून साखर चाललेली,
युरिया मूत्रपिंडांकडे,
यकृताची ऊब थंड बोटांकडे,
आणि ज्यानं हात गार पडतात
ते घाबरण्याचं रसायनही
याच वाटेनं जातं एरवी.
टपाल्यासारखं. पाकीट न फोडता.

माझं यंत्र नुसतं ढकलतं.
त्याचे रोलर काही पेशी चिरडतात,
लघवीच्या पिशवीत गुलाबी झाक येते.
मी ती लिहून ठेवते.
हृदय कुणाला चिरडत नाही, निदान या अर्थानं.

अकरा वाजून सात. चिमटा काढला.
ऊबदार रक्त हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत शिरलं.
ते आधी वळवळलं, निरर्थक,
पिशवीत गांडुळं भरावीत तसं.
कुणी काही बोलेना.

लहानपणी पाटावरचं एक हृदय मी तळहातावर घेतलं होतं.
मासा केव्हाच कापून झालेला,
गिऱ्हाईक पैसे मोजत होतं,
आणि ते हलत होतं,
काही न्यायचं नव्हतं, कुठे न्यायचं नव्हतं,
तरी.
आये म्हणाली, टाक ते, हात धू.

मग एक ठोका.
मग बराच वेळ काही नाही.
मग दुसरा, आणि त्याच्या मागोमाग
जणू रांग लागावी तसे.

मी हळूहळू कमी करत आणलं:
दोन लिटर, दीड,
अर्धा.
या अर्ध्या लिटरला माझाच घसा सुकतो, दरवेळी.
पंप बंद.

नळ्यांत दोनेक वाट्या रक्त उरलं होतं.
ते तिचं तिला परत दिलं.
तीन वाजता डबा उघडला, कोलंबीचं कालवण.
हाताला अजून मोज्यांची पावडर होती.