मोरीची खिडकी

समोर बिल्डिंग उठली तेव्हापासून
आमच्या मोरीच्या खिडकीत खैरनार राहतात.
सकाळी सहाला गॅलरीत येऊन
दात घासता घासता आभाळ बघतो, असं म्हणतात.
आई म्हणते, आभाळ वर असतं.

पडदा लावला, त्याला बुरशी आली.
वर्तमानपत्र चिकटवलं, ते भिजून
बातम्यांसकट बादलीत उतरलं.
मग मीच म्हटलं, काच रंगवते,
चर्चमध्ये असते ना, तसली.

"तसली कुठली," तात्या म्हणाले,
"ती काच रंग घेऊनच जन्मते.
ही नुसती माखलेली. म्हणजे नकली."

जेल रोडच्या आमच्या घरात
हा शब्द हळूच उच्चारायचा असतो.
तेहेतीस वर्षं तात्यांनी प्रेसमध्ये
नोटांची शीटं तपासली.
डबा नेला, डबा आणला,
मधे काय केलं ते कधी बोलले नाहीत.
फक्त अजूनही भाजीवाल्यानं सुटे दिले
की एकेक नोट उजेडाकडे धरतात
आणि मागे लोक चुळबुळतात.

दहीपुलाजवळून बाटल्या आणल्या:
जांभळा, हिरवा, मधासारखा पिवळा,
आणि एक निळा, दुकानदारानं गळ्यात मारलेला.
शिसं कुठून आणणार?
फेविकॉलमध्ये काळा रंग घोटला,
मेंदीच्या कोनात भरला.
काच चौकटीतून काढून स्पिरिटनं पुसली,
पाटावर आडवी ठेवली, खाली कागद,
कागदावर द्राक्षाचा घड.
नाशिकात राहून दुसरं काय सुचणार.
अकरा मणी, दोन पानं,
आणि एक वेल, जी मधेच वाकते
कारण तेव्हा कुकरची शिटी झाली.

रेघा रात्रभर वाळल्या.
दुसऱ्या दिवशी रंग.
थेंब सोडायचा, ढकलायचा नाही.
तो आपला आपण पसरत जातो,
काळ्या बांधाला टेकतो, थांबतो.
बुडबुडा आला तर सुईनं फोडायचा.
मी श्वास धरून ओणवी,
खिडकीच्या भोकाला परात टेकवलेली,
आई अंघोळीला शेजारी पिंगळ्यांकडे.

तिसऱ्या दिवशी तात्यांनी न विचारता
काच उचलली, ट्यूबलाइटसमोर धरली.
चष्मा कपाळावर.
आधी एक डोळा, मग दुसरा,
मग नुसता अंगठा,
रेघेरेघेवरून, कोपऱ्याकडून आत.
तेहेतीस वर्षं ते काय करत होते
ते मी पहिल्यांदा बघत होते.

"इथे."
सातव्या मण्याखाली बांध फुटला होता,
जांभळा पानात झिरपून
चिखलासारखा डाग.
"शीट बाद."
हात खिशाकडे गेला.
तिथली लाल पेन्सिल
निवृत्तीच्या दिवशी जमा केलेली.

मग त्यांनी कोन उचलला,
तोंडातली टाचणी काढली,
आणि चहाच्या कपाला थरथरणाऱ्या हातानं
डागाभोवती एक गोल काढला,
चुकीभोवती काढतात तसा,
कुठे सुरू झाला ते न कळणारा.
टाचणी पुन्हा लावली. हात धुवायला गेले.

घडाला एक मणी जास्त झाला, पानावर चढलेला.
त्यात मी तो निळा सोडला.

काच बसवली त्या सकाळी
खैरनार ब्रश तोंडात तसाच ठेवून
बराच वेळ उभे होते म्हणे. आईनं सांगितलं.
तिला कसं दिसलं, मी विचारलं नाही.

तात्या आता अंघोळीला साडेआठला जातात.
तेव्हा समोरच्या गच्चीवरून ऊन
आमच्या खिडकीपर्यंत पोचतं.
कडी लागते, बादली सरकते,
मग पाण्याचा आवाजच येत नाही.
आई दारावर थाप मारते,
"अहो, नोटा तपासताय का?"